मुळाला ‘खाली’ कसे कळते? पाणचक्कीवरच्या बियांपासून अंतराळस्थानकापर्यंत

१/
९ जानेवारी १८०६. ट्रफाल्गारच्या लढाईत पडलेल्या नेल्सनची अंत्ययात्रा त्या दिवशी लंडनमधून निघाली होती. अवघे शहर त्या मिरवणुकीत बुडालेले असताना रॉयल सोसायटीच्या सभेत मात्र एक पत्र वाचले गेले. ते सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना लिहिलेले होते. लिहिणारे होते टॉमस अँड्र्यू नाइट, हेरफर्डशर परगण्यातील एक जमीनदार आणि फळझाडांच्या जाती सुधारण्यात आयुष्य घालवणारा माणूस. पत्रातला प्रश्न कुणाही शेतकऱ्याला ठाऊक असलेला होता. बी मातीत उलटे पडो, आडवे पडो, मूळ खालीच का जाते आणि कोंब वरच का येतो?

२/
प्रश्न जुनाच. फ्रान्समध्ये दुआमेल द्यु मोंसो यांनी १७५८ च्या आपल्या ग्रंथात यावरील प्रयोग नोंदवले होते. रुजणारे बी नळीत घालून नळी उलटी केली की मूळ वळून पुन्हा खाली निघते. पुन्हा उलटी केली, की पुन्हा वळते. असे घडते, एवढे यातून ठाम झाले. परंतु का घडते? ओलाव्याच्या शोधात, अंधाराच्या ओढीने, की मातीच्या? कुणी म्हणे, ही वनस्पतीची उपजत प्रवृत्ती. मित्रहो, ‘उपजत प्रवृत्ती’ हे उत्तर ऐकायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात ते प्रश्नालाच नवे नाव देते.

३/
नाइट यांना संशय होता गुरुत्वाकर्षणाचा. पण तो सिद्ध कसा करावा? प्रकाश झाकता येतो, पाणी तोडता येते. गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही. या अडचणीवर त्यांनी जो उपाय काढला, तो मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. बंद करता येत नाही ना? मग त्याला फसवावे, आणि त्याच्या जोडीला दुसरे बल उभे करावे.

४/
त्यांच्या बागेतून एक लहानसा ओढा वाहत असे. त्यावर त्यांनी दळणाच्या पाणचक्कीसारखे चाक बसवले आणि त्याच आसावर बारीक लाकडी पट्ट्यांचे दुसरे, अकरा इंच व्यासाचे हलके चाक. या दुसऱ्या चाकाच्या कडेला भिजवून फुगवलेल्या बीनच्या बिया थोड्या थोड्या अंतरावर बांधल्या, त्यांची तोंडे मुद्दाम निरनिराळ्या दिशांना ठेवली आणि पाणी सोडले. उभे चाक मिनिटाला दीडशेहून अधिक फेरे घेऊ लागले.

यात खुबी अशी की फिरत्या बीच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशा क्षणोक्षणी बदलते. आत्ता एका कुशीला, निमिषात दुसऱ्या कुशीला. परिणामी गुरुत्वाकर्षणाचा एका बाजूचा ओढा पुसला जातो. उरते ते केवळ केंद्रोत्सारी बल, म्हणजे गोफणीतल्या दगडाला बाहेर रेटणारे बल. आणि ते बीच्या दृष्टीने कायम एकाच दिशेला असते.

५/
काही दिवसांत बिया रुजल्या. सर्व मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेला वळली होती. सर्व कोंब आसाकडे, केंद्राकडे. मुळांनी पृथ्वी सोडली आणि चाकाच्या परिघाला ‘खाली’ मानले.

६/
येथे थांबले असते तरी नाइट यांचे नाव राहिले असते. पण त्यांनी आडवे फिरणारे चाकही जोडले, तेही अकरा इंचांचेच. आता गुरुत्वाकर्षण खाली ओढणार आणि केंद्रोत्सारी बल बाजूला. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगात मुळे जवळजवळ आडवी झाली, उभ्या रेषेपासून सुमारे ८० अंशांवर. वेग ८० फेऱ्यांवर आणल्यावर ती साधारण ४५ अंशांवर स्थिरावली.

ज्यांना भौतिकशास्त्राची आवड आहे त्यांनी कागद घ्यावा. त्रिज्या साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर. मिनिटाला ८० फेरे धरले तर बाहेरच्या दिशेचे त्वरण येते जवळजवळ ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे नेमके गुरुत्वाकर्षणाएवढे! दोन समान बले काटकोनात, म्हणून परिणाम ४५ अंश. २५० फेऱ्यांना हिशेबाने सुमारे ८४ अंश यायला हवेत. नाइट यांना दिसले ८०. ओढ्याच्या पाण्यावर चाललेल्या लाकडी चाकाने याहून अधिक काय द्यावे? मूळ दोन बलांची बेरीज करून तिची दिशा धरते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

७/
मात्र ‘कशामुळे’ हे कळले म्हणजे ‘कसे’ हे कळले असे नव्हे. नाइट यांचा तर्क साधा होता: मुळाचे टोक मऊ असते, नवी वाढ तेथेच होते, म्हणून ते ओल्या मेणासारखे स्वतःच्या भाराने खाली लोंबते. हा तर्क बराच काळ टिकला. त्याला धक्का दिला तो पाऱ्याने. १८२९ मध्ये पिनो या फ्रेंच संशोधकाने रुजणारी बिया पाऱ्याच्या पृष्ठभागावर ठेवली, तेव्हा मुळे पाऱ्यात घुसली. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. भाराने लोंबणारी वस्तू त्यावर तरंगेल, आत शिरणार नाही. म्हणजे मूळ पडत नाही, ते रेटा देऊन जाते. गुरुत्वाकर्षण त्याला ओढत नाही, केवळ खूण करते. वळण्याचे काम मूळ स्वतःच्या वाढीने करते.

८/
मग ती खूण मुळाच्या कोणत्या भागाला पोचते? येथून कथा इंग्लंड सोडून ब्रेसलाउ या जर्मन विद्यापीठात जाते (हे शहर आज पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्सवाफ). तेओफिल चेशेल्स्की हा पोलिश तरुण तेथे फर्डिनांड कोन यांच्याकडे शिकत होता. १८७२ मध्ये त्याने प्रसिद्ध केले की मुळाचा शेंडा कापला, तर मूळ वाढत राहते परंतु खाली वळत नाही. शेंडा पुन्हा तयार झाला की वळू लागते. त्याहूनही विलक्षण गोष्ट अशी, की मूळ काही काळ आडवे ठेवून मग शेंडा कापला आणि ते उभे केले, तरी ते नंतर वळतेच. जणू निरोप आधीच निघून गेला होता.

या माणसाची आठवण फारशी कुणी काढत नाही. पुढे तो ल्वूव येथे प्राध्यापक झाला आणि मधमाशीपालनातला जाणकार म्हणून अधिक ओळखला गेला.

९/
त्याचा शोधनिबंध वाचणाऱ्यांत एक वाचक असा होता, की ज्याच्या नावाने पुढे सगळेच झाकले गेले. चार्ल्स डार्विन. वय सत्तरीकडे झुकलेले, प्रकृती नाजूक, प्रयोगशाळा म्हणजे डाउन गावातले स्वतःचे घर. मदतीला मुलगा फ्रान्सिस. बापलेकांनी मुळांचे शेंडे कापले, काहींना सिल्व्हर नायट्रेटने डागले, आडवी-उभी करून ती पुनःपुन्हा पाहिली आणि नोव्हेंबर १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवरील जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा: गुरुत्वाची जाणीव होते शेंड्याला, वळण येते त्याच्या मागच्या, लांब होणाऱ्या भागात, म्हणजे दोहोंच्या मध्ये काहीतरी प्रवास करते. ग्रंथाच्या शेवटच्या परिच्छेदात डार्विन यांनी मुळाच्या शेंड्याची तुलना खालच्या श्रेणीतील प्राण्यांच्या मेंदूशी केली.

१०/
जर्मनीत खळबळ उडाली. वुर्झबुर्गचे युलिउस साक्स हे त्या काळी वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राचे अनभिषिक्त सम्राट. याच विषयासाठी त्यांनी क्लिनोस्टॅट नावाचे यंत्र प्रचारात आणले होते. ते रोपाला आडव्या आसाभोवती इतके संथ फिरवते की केंद्रोत्सारी बल नगण्य राहते आणि गुरुत्वाचा एकतर्फी परिणाम मात्र पुसला जातो. फ्रान्सिस डार्विन खुद्द त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकून आला होता. त्यामुळे राग दुहेरी. साक्स यांच्या मते वळणारा भाग स्वतःच गुरुत्व जाणतो. शेंड्याला विशेष महत्त्व नाही. त्यांच्या संस्थेत एमिल डेटलेफ्सेन यांनी शेंडे कापण्याचे प्रयोग पुन्हा केले आणि निकाल डार्विनविरुद्ध दिला. साक्स यांनी आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात डार्विन पितापुत्रांचे प्रयोग अकुशल म्हणून छापील शब्दांत झिडकारले. व्हिएन्नाचे युलिउस वीस्नर यांनी तर १८८१ मध्ये डार्विन यांच्या ग्रंथाचे खंडन करणारे स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

११/
या वादाकडे आजच्या सवयीने ‘थोर डार्विन आणि अहंकारी प्राध्यापक’ असे पाहणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. साक्स यांचा आक्षेप गर्वाने मांडलेला असला, तरी पोकळ नव्हता. शेंडा कापणे म्हणजे जखम करणे. जखमी मूळ वळले नाही, तर त्याची जाणीव गेली की ते केवळ आजारी पडले, हे कसे ठरवावे? शिवाय किती कापले यावर निकाल पालटतो. आणि डार्विनही सर्वत्र बरोबर नव्हते. मुळाच्या शेंड्याला लाखेने कागदाचा तुकडा चिकटवला की मूळ त्यापासून दूर वळते, यावरून त्यांनी शेंड्याला स्पर्शज्ञान असल्याचे मानले. टीकाकारांनी दाखवले की ते बरेचसे चिकटवण्याने झालेल्या इजेचे फळ होते.

एप्रिल १८८२ मध्ये डार्विन वारले. तेव्हा हा खटला निकाली निघालेला नव्हता. उलट, युरोपातील जाणत्यांचे मत साक्स यांच्याकडे झुकलेले होते.

१२/
कापल्याशिवाय निकाल कसा लावायचा? लायप्झिगला फेफर यांच्या प्रयोगशाळेत फ्रीडरिश चापेक यांनी १८९५ मध्ये युक्ती काढली. एका टोकाला बंद असलेली, काटकोनात वाकवलेली काचेची इवलीशी नळी मुळाच्या शेंड्यावर जोड्यासारखी चढवायची. आता शेंडा एका दिशेला आणि उरलेले मूळ दुसऱ्या दिशेला. शेंडा खाली रोखलेला असेल तर मागचे मूळ आडवे असूनही स्वस्थ राहते. शेंडा आडवा असेल तर मागचा भाग वळू लागतो.

१८९९ मध्ये फ्रान्सिस डार्विन यांनी याच धर्तीचा प्रयोग कोंबांवर केला, आणि रोपांपैकी एक होते आपल्या ओळखीचे: ज्वारी. कोंबाचे टोक काचेच्या नळीत आडवे अडकवून ठेवले आणि मागचा भाग मोकळा. टोक कायम आडवेच, म्हणून ‘अजून वळ’ हा निरोप थांबेना. मागचा देठ वळत वळत चक्क वेटोळे घालू लागला. वडिलांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी मुलाने दिलेले हे उत्तर होते. जखमेचा आक्षेप यात शिल्लक राहत नाही.

१३/
आता प्रश्न अधिक खोल गेला. शेंड्यात असे काय आहे, की ज्याला भार कळतो?

उत्तराची वाट गेली ती एका झिंग्यावरून! झिंग्यासारख्या प्राण्यांच्या तोल सांभाळणाऱ्या अवयवात वाळूचे कण असतात; कात टाकताना ते जातात आणि प्राणी नवे कण आत घेतो. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइड्ल यांनी १८९३ मध्ये वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला. मग लोहचुंबक जवळ आणताच कीस तिकडे ओढला जाई आणि प्राणी त्यालाच ‘खाली’ समजून कलंडत असे.

१४/
वनस्पतींत असे खडे असतील काय? १९०० मध्ये दोन माणसांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, एकाच जर्मन नियतकालिकाच्या एकाच खंडात होकारार्थी उत्तर दिले. प्रागचे बोहुमिल नेमेत्स यांनी ते खडे मुळाच्या टोपीत दाखवले. ग्रात्सचे गोटलीब हाबरलांट यांनी खोडातील एका पेशीथरात. खडे म्हणजे पिष्टाने, अर्थात स्टार्चने भरलेले कण. पेशीतील द्रवापेक्षा ते जड असतात, म्हणून मूळ आडवे करताच काही मिनिटांत घरंगळून नव्या तळाला जमतात. मुळाची टोपी ही केवळ मातीत घुसताना शेंडा झिजू नये म्हणून असते अशी समजूत होती. ती टोपीच मुळाचा ओळंबा निघाली.

(हेच नेमेत्स पुढे राजकारणात गेले आणि १९३५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. निवडून आले एडवार्ड बेनेश. पिष्टकणांवर काम केलेला दुसरा राष्ट्राध्यक्षीय उमेदवार मला तरी माहीत नाही.)

१५/
आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनीही या कोड्याला हात घातला होता. विजेची सूक्ष्म सुई देठात हळूहळू खुपसत नेऊन कोणत्या थरात गुरुत्वाची प्रतिक्रिया सर्वाधिक उमटते, हे त्यांनी शोधले आणि तो थर पिष्टकणांच्या थराशी जुळतो असे मांडले. त्यांची विद्युत्-पद्धती जगाच्या मुख्य प्रवाहात रुळली नाही. प्रश्न मात्र त्यांनी योग्य जागी विचारला होता.

१६/
पुढचा दुवा म्हणजे निरोप नेणारा. १९२६ च्या सुमारास नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे फ्रिट्स वेंट हा तरुण दिवसा लष्करी सेवा बजावून रात्री वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करी. त्याने ओटच्या कोंबांची टोके कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवली, मग टोके फेकून देऊन नुसते तुकडे कोंबाच्या बुंध्यावर एका बाजूला बसवले, कोंब वळला. म्हणजे निरोप हा पदार्थ होता, झिरपणारा. त्याचे पुढे नाव पडले ऑक्झिन, वनस्पतींतील पहिले ओळखले गेलेले संप्रेरक. कीव्हमध्ये मिकोला खोलोद्नी त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच विचाराला पोचले होते. आडव्या मुळात ऑक्झिन खालच्या बाजूला अधिक साचते. खोडात ते वाढीला चालना देते, म्हणून खोड वर वळते. मुळात तेवढ्याच प्रमाणाने वाढ रोखली जाते, म्हणून खालची बाजू मागे पडते, वरची पुढे जाते आणि मूळ खाली वळते. एकच पदार्थ, दोन अवयव, विरुद्ध परिणाम.

१७/
टोपीचा निर्णायक पुरावा १९६६ चा. बॅरी जुनिपर आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या मुळाची फक्त टोपी अलगद काढली. मूळ जोमाने वाढत राहिले, पण सरळ. गुरुत्वाचे भान शून्य. नवी टोपी आली आणि भान परतले. साक्स यांच्या संस्थेने ८४ वर्षांपूर्वी नाकारलेली गोष्ट अशी, मूळ आजारी न पडता, सिद्ध झाली.

१८/
तरीही पिष्टकण हेच ओळंब्याचे काम करतात का, यावर शंका उरल्याच. १९८९ मध्ये पिष्ट जवळजवळ तयारच न करणाऱ्या अरॅबिडॉप्सिसच्या रोपांवर काम करताना दिसले, की त्यांची मुळे वळतात, पण मंदपणे आणि अर्धवट. मग कण अत्यावश्यक की नुसते उपयुक्त? एका गटाने पिष्टकणांच्या बाजूने, दुसऱ्याने विरोधात हाच पुरावा वापरला. आणि १९९६ मध्ये क्राइड्ल यांच्या झिंग्याने जणू पुनर्जन्म घेतला. कुझ्नेत्सोव आणि हाझेनश्टाइन यांनी अतिशय तीव्र उतार असलेल्या चुंबकीय क्षेत्राने मुळाच्या पेशींतले पिष्टकण एका बाजूला ढकलले. मूळ तसूभरही न हलवता ते वळले.

१९/
आता अगदी अलीकडचे. कण तळाला बसल्यावर ‘खाली’ ही बातमी ऑक्झिनपर्यंत कशी जाते? २००२ मध्ये दिसले की ऑक्झिन बाहेर ढकलणारी प्रथिने टोपीच्या पेशींत मुळाची दिशा बदलताच काही मिनिटांत नव्या तळाकडे सरकतात. २०२३ मध्ये जपान व चीनमधील दोन गटांनी मधली कडी दाखवली: ‘लेझी’ कुळातील प्रथिने पिष्टकणांवर बसून त्यांच्याबरोबर खाली जातात आणि जवळच्या पेशीपटलावर उतरतात. नाव ‘आळशी’ का? तर हे जनुक बिघडलेली रोपे ताठ उभी न राहता जमिनीवर लोळतात.

२०/
हे सारे कुतूहलापुरते आहे, असे कुणाला वाटत असेल तर भाताचे उदाहरण पाहा. आयआर ६४ हे भारतातही मोठ्या प्रमाणावर लावले गेलेले वाण. त्याची मुळे उथळ पसरतात. पाऊस ओढ देतो तेव्हा खालची ओल त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. २०१३ मध्ये जपानी संशोधक उगा आणि सहकाऱ्यांनी फिलिपाइन्सच्या किनांदांग पातोंग या कोरडवाहू वाणातून एक जनुक शोधले. ते याच ‘लेझी’ कुळातले. हे जनुक आयआर ६४ मध्ये आणताच मुळे अधिक उभी, खोल जाऊ लागली आणि अवर्षणात उत्पन्न टिकले. मूळ किती अंशांत वळते यावर पोटाचे गणित अवलंबून असते, हे कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

२१/
राहता राहिले नाइट यांचे चाक. गुरुत्वाकर्षण खरोखर बाजूला सारण्याची सोय त्यांना नव्हती; ती अंतराळात मिळाली. १९७३ मध्ये स्कायलॅबवर एका अमेरिकन शालेय विद्यार्थ्याने सुचवलेल्या प्रयोगात भाताच्या बिया रुजवल्या गेल्या आणि रोपे वेडीवाकडी, दिशाहीन वाढली. पण तुलनेसाठी तेथेच, त्याच हवेत, ‘खाली’ असलेली रोपेही हवीत. त्यासाठी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे एक युरोपीय उपकरण गेले. त्यात दोन फिरती चक्रे होती. बिया चक्रावर बसवायच्या, चक्र फिरवायचे. वेग कमी-अधिक करून चंद्राएवढे, मंगळाएवढे किंवा पृथ्वीएवढे गुरुत्व निर्माण करायचे. या उपकरणावर प्रयोग करणाऱ्यांत जॉन किस होते. १९८९ मधील त्या पिष्टहीन रोपांच्या अभ्यासात त्यांचेच नाव होते. चाक आता विजेवर चालते आणि अकरा इंचांचे राहिलेले नाही. बाकी मांडणी तीच, १८०६ मधल्या त्या ओढ्यावरची.